संगणक-आज्ञावलींची लेखनशैली
आज्ञावलीतील समास, ओळींची लांबी, रिकाम्या जागा, अवतरणचिन्हे इ. बाह्य बाबींविषयीचे संकेत म्हणजे लेखनशैली होय. बहुधा त्यांमुळे आज्ञावलीच्या कार्यात फरक पडत नाही. मात्र अनेकांनी मिळून लिहिलेला मजकूर वाचताना त्या जाणवतात. त्या अभिरुचीच्या असल्याने त्यांवरील वाद क्वचितच निकालात निघतात.

यंत्राकडून मांडणी करवून घेण्याची कल्पना जुनी आहे. सी भाषेसाठी वापरात आलेल्या ‘इंडेंट’ या साधनात पर्याय पुष्कळ होते. त्यामुळे वाद न मिटता पर्यायांच्या निवडीवर येऊन ठेपे. २००९ मध्ये गूगलने जाहीर केलेल्या गो भाषेसोबतच्या ‘गोफम्ट’ने निवडीला जवळजवळ वावच ठेवला नाही.

पायथॉन भाषेत ‘पेप ८’ (२००१) या मार्गदर्शिकेने ७९ अक्षरांची ओळ सुचविली, पण अनेक बाबी लेखकांवर सोडल्या. वुकाश लांगा यांच्या ‘ब्लॅक’ (२०१८) या साधनाने त्यांतील बहुतेक ठरवून टाकल्या. संकेतस्थळे उभारण्यासाठी पायथॉनमध्ये लिहिलेल्या ‘जँगो’ प्रकल्पाने ते स्वीकारण्याचा प्रस्ताव २०१९ मध्ये मान्य केला. त्यासाठी जुन्या सवयी सोडाव्या लागल्या : एकेरी अवतरणचिन्हांच्या जागी दुहेरी आली व ओळीची मर्यादा ११९ वरून ८८ अक्षरांवर आली. अधिक गंभीर आक्षेप इतिहासाविषयीचा होता. सर्व मजकुराची एकदम फेरमांडणी केल्यास प्रत्येक ओळीचा कर्ता म्हणून फेरमांडणी करणाऱ्याचेच नाव दिसणार आणि दोष केव्हा व का शिरला हे शोधणे कठीण होणार. शिवाय विचाराधीन असलेल्या दुरुस्त्या नव्या मजकुराशी जुळणार नव्हत्या. पहिली अडचण पुष्कळशी दूर झाली ती ‘गिट’ या आवृत्तिनोंद-प्रणालीमुळे. २०१९ मध्येच तीत विशिष्ट बदल वगळून कर्ता शोधण्याची सोय झाली.

तरीही प्रकल्पाने घाई केली नाही, हे योग्यच झाले. ब्लॅकचे स्वतःचे नियम बदलत असताना फेरमांडणी पुनःपुन्हा करावी लागली असती. जानेवारी २०२२ मध्ये ब्लॅकची पहिली स्थिर आवृत्ती आली व वर्षभरात मांडणी न बदलण्याचे धोरण जाहीर झाले. फेब्रुवारीत जँगोची फेरमांडणी पार पडली. चलांची नावे, टिप्पण्यांचे शब्द व फलनांची रचना यांना हे साधन हात लावत नाही. त्यांविषयीची चर्चा परीक्षकांकडेच राहिली.