धावत्या गाडीचे मोल

बदलीचा हुकूम हाती पडला की सामानाच्या बांधाबांधीबरोबर घरच्या वाहनाचाही निकाल लावावा लागतो, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांच्या गाठी असेल. अशा वेळी दारी आलेले गिऱ्हाईक हटकून विचारते, "इंजिन मूळचेच आहे ना?" गाडीत काही बदलले असेल तर तिचे मोल तेवढ्याने उतरले, हे त्या प्रश्नामागचे गृहीत असते. हे गृहीत कितपत खरे आहे, हे पाहावयाचे असेल तर अमेरिकेतील एका विशिष्ट जातीच्या मोटारींचा इतिहास चाळण्याजोगा आहे. 'मसल कार' या नावाने त्या ओळखल्या जातात. मध्यम आकाराचे, बेताच्या किमतीचे शरीर आणि त्यात मोठ्या गाडीचे बलदंड इंजिन, ही त्यांची थोडक्यात व्याख्या. 'मूळचे' आणि 'बदललेले' यांचा जो झगडा त्यांच्या बाजारात चालला, तो इतरत्र क्वचितच इतक्या उघडपणे चालला असेल.

या जातीचा जन्मच मुळी एका फेरफारातून झाला. जनरल मोटर्स कंपनीचा असा दंडक होता की, मध्यम आकाराच्या मोटारीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवू नये. तिच्याच पॉन्टिअॅक या शाखेतील अभियंत्यांनी १९६४ सालच्या टेंपेस्ट गाडीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, इंजिन बसविले. हे नवे वाहन नसून जुन्या वाहनावरील ऐच्छिक साज आहे, अशी मखलाशी करून त्यांनी दंडकातून वाट काढली. 'जीटीओ' हे त्या साजाचे नाव. पहिल्याच वर्षी असल्या ३२,४५० गाड्या खपल्या, आणि मग दंडकाची आठवण काढण्याचे कोणालाच कारण उरले नाही.

कारखान्याने घालून दिलेला हा धडा विक्रेत्यांनी पुढे गिरविला. मिशिगनमधील रॉयल पॉन्टिअॅक या पेढीवर नव्या कोऱ्या जीटीओची यंत्रणा अधिक चलाख करून देण्याची सोय होती. पेनसिल्व्हेनियातील कॅनन्सबर्ग या लहानशा गावी डॉन येन्को नावाचा शर्यतपटू शेव्हरोलेची पेढी चालवीत असे. कॅमॅरो गाडीत ४०० घनइंचांहून मोठे इंजिन देण्यास कंपनीची बंदी होती, म्हणून त्याने आपल्याच कारखान्यात ४२७ घनइंचांची इंजिने बसवून त्या गाड्या विकण्यास आरंभ केला. १९६९ साली तर खास मागणीच्या एका आडवाटेने त्याने ही इंजिने थेट कंपनीकडूनच बसवून घेतली. कॅरोल शेल्बी याने फोर्डच्या मस्टँगला शर्यतीचे रूप दिले, आणि १९६६ साली हर्ट्झ या भाड्याने मोटारी देणाऱ्या कंपनीने तसल्या सुमारे १,००० गाड्या घेतल्या. दिवसाला १७ डॉलर आणि मैलाला १७ सेंट मोजले की कोणीही सभ्य गृहस्थ ती शर्यतीची गाडी घेऊन रस्त्यावर येऊ शकत असे. सारांश, या मोटारींच्या बाबतीत फेरफार करणारा आणि विकणारा हे बहुधा एकच असत, आणि फेरफार ही दडविण्याची नव्हे तर जाहिरात करण्याची गोष्ट होती.

हा बहर फार काळ टिकला नाही. तरुण चालकांच्या हाती अशी गाडी म्हणजे विमा कंपन्यांना घोर होता, तेव्हा त्यांनी हप्ते वाढविले. १९७० साली हवेच्या शुद्धतेसंबंधीचा कडक कायदा झाला. १९७१ सालच्या गाड्यांपासून इंजिनांची ताकद उतरू लागली. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल रोखले, आणि गॅलनमागे मोजके मैल जाणारी ही वाहने एकाएकी गळ्यातील धोंड होऊन बसली. ती जुन्या बाजारात कवडीमोलाने विकली जाऊ लागली. कॉलेजातील मुलांनी ती घेतली, मनाला येईल तशी बदलली आणि झिजेपर्यंत चालविली. कित्येकांचे मूळ इंजिन फुटले आणि जागी जे मिळाले ते बसले.

परिणामी, पुढील पिढीला या गाड्यांची ओढ लागली तेव्हा अस्सल अवस्थेतील गाडी दुर्मीळ झालेली होती, आणि दुर्मीळतेला बाजार नेहमीच भुलतो. लिलावगृहांतून 'नंबर जुळणारी गाडी' हा परवलीचा शब्द झाला. गाडीच्या सांगाड्यावरील क्रमांक आणि इंजिनाच्या ठोकळ्यावर कोरलेला क्रमांक एकमेकांशी जुळला, तर किंमत कित्येक पटींनी चढू लागली. या सोवळेपणाची फलश्रुती मात्र विलक्षण होती. प्रत्येक मैलागणिक किंमत घटते म्हटल्यावर मालक गाडी चालविण्यास धजेनात. ती गाडी बंदिस्त ट्रेलरवर चढवून प्रदर्शनाला न्यावयाची आणि तशीच परत आणावयाची! अशा गाड्यांना तिकडे थट्टेने 'ट्रेलर-क्वीन' म्हणतात. धावण्यासाठी जन्मलेल्या वस्तूला याहून मोठी विटंबना ती कोणती?

याची प्रतिक्रिया म्हणून जो संप्रदाय उदयास आला, त्याला 'रेस्टोमॉड' असे जोडनाव आहे : अर्धा जीर्णोद्धार, अर्धा फेरफार. त्यामागे केवळ हौस नाही. साठोत्तरीच्या त्या गाड्या वेगाने धावत, पण थांबण्याची त्यांची तयारी तेवढी नव्हती. पुष्कळांच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत, आणि ते उताराच्या रस्त्यावर वारंवार दाबले गेले की तापून ढिले पडत. चार गिअरांच्या पेटीमुळे लांबच्या प्रवासात इंजिन सारखे कण्हत असे. तेव्हा बाह्य रूप तसेच ठेवून आत डिस्क ब्रेक, पाच गिअरांची पेटी, आधुनिक इंजिन आणि वातानुकूलन बसवावयाचे, म्हणजे त्या गाडीतून बायकामुलांसह दूरवर जाता येते. अशी गाडी विकावयास काढणाऱ्याला एक कडू घोट मात्र गिळावा लागतो. तिच्यावर ओतलेला पैसा सहसा पुरता वसूल होत नाही, कारण एकाच्या हौसेचे पैसे दुसरा का भरील? म्हणून जाणता विक्रेता दोन गोष्टी सांभाळून ठेवतो : कोणते काम कोणी केले याच्या पावत्या, आणि उतरविलेले मूळ भाग.

या वादावर प्रकाश टाकणारी एक विक्री १० जानेवारी २०२० रोजी फ्लोरिडातील किसिमी येथे झाली. १९६८ साली प्रकाशित झालेल्या 'बुलिट' या चित्रपटात स्टीव्ह मॅकक्वीन याने सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून जी गडद हिरवी मस्टँग पिटाळली, तीच ही गाडी. त्या पाठलागासाठी दोन मस्टँग घेतल्या होत्या, आणि मॅक्स बॅल्चाउस्की या कारागिराने त्या मुद्दाम बदलल्या होत्या. स्प्रिंगा कडक केल्या, धक्काशोषक बदलले, सांगाड्याला जागोजाग बळकटी दिली. दोहोंपैकी ही गाडी चित्रपटानंतर खाजगी मालकांच्या हाती गेली. १९७४ साली एका मासिकातील जाहिरात वाचून न्यू जर्सीतील एका कुटुंबाने ती घेतली. गृहिणी शाळेत शिकवीत असे, आणि ती रोज याच गाडीने शाळेला जाई. डिसेंबर १९७७ मध्ये खुद्द मॅकक्वीनने पत्र लिहून गाडी मागितली, पण कुटुंबाने ती दिली नाही. सुमारे ६५,००० मैल झाल्यावर १९८० साली तिचा क्लच निकामी झाला. त्यानंतर ती तीन तपांहून अधिक काळ जगाच्या दृष्टीआड राहिली आणि जानेवारी २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या मोटार-प्रदर्शनात पुन्हा प्रकट झाली.

आमच्या मुद्द्याचा गाभा येथे आहे. ही तीच गाडी हे ठरविताना जाणकारांनी तिचा क्रमांक तर पाहिलाच, पण पाहिल्या त्या तिच्या अंगावरील फेरफाराच्या खुणाही : बळकटीसाठी केलेले जोडकाम, कॅमेरे बसविण्यासाठी केलेली तजवीज. कारखान्यातून निघाली तशी ती 'शुद्ध' करण्याचा मोह मधल्या काळात एखाद्या मालकास झाला असता, तर तिच्या ओळखीचा निम्मा पुरावा त्याच्याच हातांनी पुसला गेला असता. तिचा रंग विटलेला होता, पत्र्यावर गंज होता. घरच्यांनी तिला चालण्याजोगी केली आणि बाकीचे सारे तसेच राहू दिले. लिलावात तिला एकूण ३७ लाख ४० हजार डॉलर आले, म्हणजे त्या वेळच्या दराने पंचवीस कोटी रुपयांहून अधिक. तोवर कोणत्याही मस्टँगला एवढी किंमत आली नव्हती.

चित्रपटाची कीर्ती पाठीशी नसती तर हा आकडा दिसला नसता, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. 'मूळचे'पणाचा आग्रह धरणाऱ्यांच्या बाजूनेही एक वजनदार गोष्ट आहे. प्रत्येक जीटीओ कोणी ना कोणी बदलून टाकली, तर १९६४ च्या कारागिराने नेमके काय घडविले होते, हे सांगणारी एकही वस्तू मागे उरणार नाही. काही गाड्या अस्पर्श राखल्याच पाहिजेत. तथापि त्या काहींचा नियम सर्वांना लावणे म्हणजे एका दिवसाच्या इतिहासासाठी पन्नास वर्षांचा इतिहास खोटा ठरविणे होय. गाडी कारखान्याच्या दारातून एकदाच बाहेर पडते, आणि तिचे उरलेले सारे आयुष्य रस्त्यावर जाते. त्या आयुष्यात तिला जे हात लागले, ते कोणाचे आणि कशासाठी, हे सांगता आले तर फेरफार हा तिच्या चरित्रातील एक अध्याय ठरतो. ते सांगता आले नाही, किंवा मुद्दाम लपविले गेले, तर तोच फेरफार लबाडी ठरते. येन्कोच्या हातची कॅमॅरो आज मोठ्या मानाने मिरवते, आणि तसलेच इंजिन कोणी गुपचूप बसवून येन्कोचे नाव लावले तर तो कज्ज्याचा विषय होतो. दोन्ही गाड्यांतील लोखंड कदाचित एकाच मोलाचे असेल. म्हणून बदललेली गाडी विकणाऱ्याने किल्लीबरोबर पावत्यांची जुडगीही गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी, आणि घेणाऱ्याने क्रमांक ताडून झाल्यावर ती एकदा रस्त्यावर चालवून पाहावी, एवढेच या इतिहासावरून आम्हांस सुचवावेसे वाटते.