फाळक्यावरचे नाव कुणाचे? अमेरिकी पिकअप ट्रक आणि धातूच्या अक्षरांचा इतिहास

१/
जुन्या अमेरिकी पिकअप ट्रकच्या मागे उभे राहिले की प्रथम दृष्टीस पडतो तो हौद्याचा फाळका आणि त्यावर पत्र्यातूनच वर आलेली ठळक इंग्रजी अक्षरे : फोर्ड, शेव्हरोले, स्टुडबेकर. आज अनेक हौशी मालक ही अक्षरे वेगळ्या रंगाने उठावदार करतात, सपाट करून टाकतात, किंवा पोलाद-पितळेची स्वतंत्र अक्षरे कापून त्यांच्या जागी बसवतात. या हौसेमागे शंभर वर्षांचा एक वाद आहे. ट्रकच्या पाठीवर नाव कुणाचे असावे, बनवणाऱ्याचे की वापरणाऱ्याचे? (थ्रेड)

२/
मोटारयुगाच्या आरंभी पिकअप नावाचे तयार वाहन सहसा कारखान्यातून मिळत नसे. शेतकरी किंवा दुकानदार मोटारीचा सांगाडा विकत घेई आणि त्यावर गावातल्या कारागिराकडून लाकडी हौदा चढवून घेई. फोर्डचा १९१७ चा एक टनी ‘मॉडेल टीटी’ ट्रकही सुरुवातीला नुसता सांगाडा म्हणूनच विकला जात असे. अशा ट्रकवर नाव रंगवले गेलेच तर ते मालकाचे असे : किराणा भुसार, दूधवाला, लोहार. ब्रश स्थानिक पेंटरचा, मजकूर गिऱ्हाइकाचा.

३/
१९२५ मध्ये हे चित्र पालटले. फोर्डने ‘मॉडेल टी रनअबाउट विथ पिकअप बॉडी’ या लांबलचक नावाचे वाहन बाजारात आणले. किंमत २८१ डॉलर. पोलादी हौदा, उघडझाप करता येणारा फाळका, बाजूला खांब रोवण्यासाठी चार खोबणी आणि मागे भक्कम पाटे. फोर्डच्या कारखान्यातून तयार होऊन आलेला हा पहिला पिकअप. सुताराचे काम येथून पुढे कारखान्याकडे गेले.

४/
प्रतिस्पर्ध्यांनाही तोच मार्ग धरावा लागला. १९३० मध्ये शेव्हरोलेने मार्टिन-पॅरी या हौदे बांधणाऱ्या कंपनीचा इंडियानापोलिस येथील कारखाना घेतला आणि आपले पिकअप स्वतःच पूर्ण बांधून विकण्यास आरंभ केला. हौदा कारखान्याचा झाला, तसा फाळकाही कारखान्याचा झाला. मालकाच्या नावासाठी मोकळी असलेली पाठीमागची जागा आता निर्मात्याच्या हाती आली.

५/
ही अक्षरे पत्र्यात उमटतात कशी? सपाट पोलादी पत्रा नर आणि मादी अशा दोन साच्यांमध्ये ठेवून अवजड प्रेसने दाबला जातो. साच्यात कोरलेल्या अक्षरांच्या आकारात पत्रा ताणला जातो आणि वर येतो. त्यात जोडकाम नसते, वेगळा तुकडा नसतो. नाव आणि फाळका एकाच धातूचे, एकाच घावात घडलेले असतात. त्यामुळे रंग उडाला तरी नाव उरते.

६/
यात निर्मात्याचा दुहेरी लाभ होता. धातूचे वेगळे बोधचिन्ह बसवायचे तर ते ओतावे लागते, त्यावर मुलामा द्यावा लागतो, पत्र्याला भोके पाडावी लागतात आणि प्रत्येक गाडीमागे कामगाराचा वेळ जातो. साच्यातले नाव मात्र एकदा कोरले की पुढे जवळपास फुकट उमटते. शिवाय उठाव आणि पन्हळी यांमुळे पातळ पत्र्याला ताठपणा येतो. धान्याची पोती, लाकडे, अवजारे यांचे धक्के सोसणाऱ्या फाळक्याला त्याची गरज होतीच.

७/
या अक्षरांवर ओळख किती अवलंबून होती, हे स्टुडबेकरच्या उदाहरणातून कळते. १९६१ च्या सुमारास आर्थिक चणचणीत असलेल्या या कंपनीला आपल्या ‘चँप’ पिकअपसाठी रुंद हौदा हवा होता. नवे साचे परवडणारे नव्हते. तेव्हा तिने डॉजच्या जुन्या हौद्याचे साचे विकत घेतले. हौदा मूळचा डॉजचा असल्याने केबिनच्या रेषांशी तो नीट जुळतही नसे. फाळक्यावर मात्र नाव होते स्टुडबेकर, आणि रस्त्यावरून मागे चालणाऱ्यासाठी तेवढे पुरेसे होते.

८/
दुसऱ्या महायुद्धानंतर पिकअपचा सुवर्णकाळ सुरू झाला. १९४७ च्या उन्हाळ्यात शेव्हरोलेची ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिका आली, जानेवारी १९४८ मध्ये फोर्डची ‘एफ’ मालिका. योगायोग असा की त्याच जानेवारीत कॅलिफोर्नियात ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक निघाला. एकीकडे कारखाने लाखोंनी एकसारखी वाहने घडवत होते आणि दुसरीकडे ती वाहने एकसारखी राहू न देण्याचा चंग बांधलेली तरुण पिढी आपले मासिक वाचू लागली होती.

९/
या तरुणांचे पहिले पाऊल नाव पुसण्याचे होते. कारखान्याने लावलेली चिन्हे, मुठी आणि पट्ट्या काढायच्या, उरलेली भोके वितळलेल्या शिशाने भरायची, कानशीने घासून पृष्ठभाग गुळगुळीत करायचा. लॉस एंजेलिसजवळ लिनवुड येथे जॉर्ज आणि सॅम बॅरिस या बंधूंच्या कार्यशाळेने या कलेला मोठी कीर्ती मिळवून दिली. शिशाच्या वापरामुळेच अशा मोटारींना ‘लेड स्लेड’ हे नाव पडले. निर्मात्याचे नाव नसलेला नितळ पत्रा हीच मालकाची सही ठरली.

१०/
पिकअपच्या फाळक्यावर मात्र हे काम अवघड होते. लावलेले चिन्ह काढता येते, पत्र्यातूनच वर आलेले अक्षर निघत नाही. ते ठोकून सपाट करायचे तर ताणलेला पत्रा फुगवटा धरतो. म्हणून बहुधा अक्षरांचा भाग कापून तेथे कोरा पत्रा वेल्ड केला जाई, अथवा संपूर्ण दर्शनी भागावर नवा पत्रा चढवला जाई. काहींनी त्यावर हवेच्या झडपांसारख्या चिरांच्या ओळी पाडून घेतल्या. उष्णतेने पातळ पत्रा वाकतो, म्हणून वेल्डिंग एका दमात न करता दूरदूरचे ठिपके घेत, थंड होऊ देत करावे लागे.

११/
कारखान्यांनीही हा कल ओळखला. १९५५ मध्ये शेव्हरोलेने ‘कॅमिओ कॅरियर’ हा देखणा पिकअप काढला. नेहमीच्या पोलादी हौद्यावर फायबरग्लासची नितळ बाह्यांगे चढवलेली होती आणि फाळक्याच्या बिजागऱ्या व कड्या दृष्टीआड ठेवलेल्या होत्या. पहिल्या वर्षी ५,२२० गाड्या बनल्या. त्या वर्षीच्या रंगाचे नाव मराठी वाचकाला थबकवणारे आहे : ‘बॉम्बे आयव्हरी’, म्हणजे मुंबईच्या नावाचा हस्तिदंती रंग, सोबत लाल रंगाची जोड. ओझ्याचे वाहन प्रतिष्ठेचे वाहन होऊ लागले होते.

१२/
१९५७ मध्ये फोर्डने आणि १९५८ मध्ये शेव्हरोलेने बाजू सरळ असलेले रुंद पोलादी हौदे आणले. फाळका रुंदावला, नावही रुंदावले. येथे अक्षररचनेचा प्रश्न उभा राहतो. इंग्रजीत फोर्डची चार अक्षरे ऐसपैस पसरतात, शेव्हरोलेची नऊ, स्टुडबेकरची दहा आणि ‘इंटरनॅशनल’ची तेरा अक्षरे त्याच रुंदीत दाटीने बसवावी लागतात. नवी अक्षरे बसवणाऱ्या आजच्या कारागिरापुढेही हेच गणित असते. पट्टीने मोजलेले समान अंतर डोळ्यांना समान वाटत नाही. तिरकस बाजूंच्या अक्षरांमध्ये पोकळी जास्त भासते आणि ती नजरेने जुळवावी लागते.

१३/
पुढचे वळण आले ते कोंबड्यांमुळे. युरोपीय देशांनी अमेरिकी कोंबड्यांवर जकात वाढवली. उत्तरादाखल राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये आयात होणाऱ्या हलक्या ट्रकांवर २५ टक्के कर लादला. ‘चिकन टॅक्स’ म्हणून तो आजही ओळखला जातो. पण हौदा नसलेल्या सांगाड्यावरचा कर केवळ ४ टक्के होता. तेव्हा जपानी बनावटीचे पिकअप केबिन आणि सांगाडा एवढ्याच रूपात अमेरिकेच्या बंदरात उतरू लागले आणि हौदा तेथे पोहोचल्यावर चढू लागला.

१४/
टोयोटाने १९७२ पासून कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे हौदे बनवून घेण्यास सुरुवात केली. उत्तर अमेरिकेतील तिच्या उत्पादनाचा आरंभ अशा प्रकारे ट्रकच्या मागच्या भागापासून झाला. फोर्डचा ‘कुरियर’ प्रत्यक्षात माझदाने बनवलेला होता, शेव्हरोलेचा ‘लव’ इसुझूने. तेही याच वाटेने आले. घडण जपानी, नाव अमेरिकी. १९८० मध्ये अमेरिकी सीमाशुल्क खात्याने वर्गवारी बदलून ही पळवाट बुजवली.

१५/
स्वस्त जपानी पिकअप तरुणांच्या हाती आले तेव्हा त्यांनी पुसण्याची जुनी युक्ती नव्याने वापरली. टोयोटाच्या सहा इंग्रजी अक्षरांपैकी शेवटची तीन फाळक्याच्याच रंगात दडवली की उरते ‘टॉय’, म्हणजे खेळणे. केवळ मधली दोन ठेवली की उरते ‘यो’, तरुणांची परस्परांना घातलेली हाक. कापाकापी नाही, वेल्डिंग नाही, फक्त थोडा रंग. निर्मात्याने दाबलेल्या अक्षरांतूनच मालकाने आपला शब्द काढून घेतला.

१६/
काहींना पुसणे पुरत नाही, त्यांना लिहायचे असते. कोऱ्या फाळक्यावर आडनाव, शेताचे नाव किंवा जुन्या कंपनीचेच नाव स्वतंत्र धातूच्या अक्षरांत बसवले जाते. पूर्वी ही अक्षरे करवतीने आणि गॅस कटरने कापून कानशीने साफ करत. आता प्लाझ्मा, लेसर किंवा पाण्याच्या अतिवेगवान झोताने ती कापली जातात. अक्षरामागे आट्यांचे खुंट जोडून आतून नटने आवळणे ही जुनी पद्धत, दोन्ही बाजूंनी चिकटणारी मजबूत फोमपट्टी ही नवी.

१७/
येथे धातुशास्त्र आपला हिशेब मागते. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये पाऊस वा मीठ साचले की त्यांच्यात विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. पोलादी फाळक्यावर ॲल्युमिनियमचे अक्षर असेल तर अक्षर झिजते. पितळ किंवा स्टेनलेस स्टील असेल तर फाळका गंजतो. खुंटासाठी पाडलेले प्रत्येक भोक गंजाला प्रवेशद्वार ठरते. म्हणून जाणता कारागीर भोकांच्या कडा रंगवतो आणि धातूंच्या मध्ये रबर किंवा प्लॅस्टिकची चकती घालतो.

१८/
महाराष्ट्राशी या कथेचा एक खरा दुवा आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणी कारखाना काढला, तर वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात डॉज आणि फार्गो ट्रक जुळवले. मात्र भारतात ट्रक दीर्घकाळ प्रामुख्याने सांगाडा म्हणूनच विकला गेला. हौदा स्थानिक मिस्त्रीने बांधला, फाळका पेंटरने रंगवला. १९२५ पूर्वीची अमेरिकी रीत येथे टिकून राहिली, आणि फाळक्यावर निर्मात्याच्या नावाऐवजी देवाचे नाव, मुलांची नावे व ‘हॉर्न ओके प्लीज’ आले. त्या शब्दांवर महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये बंदी घातली, कारण त्यांतून विनाकारण हॉर्न वाजवण्यास उत्तेजन मिळत होते.

१९/
मधल्या काळात अमेरिकी फाळक्यावरील नावे लहान चिन्हांत आणि चिकटपट्ट्यांत आक्रसली होती. गेल्या दशकात ती परतली. २०१५ चा रॅम ‘रेबेल’, २०१६ चा टोयोटा ‘टकोमा’, २०१९ चा शेव्हरोले ‘सिल्व्हराडो’, साऱ्यांच्या फाळक्यांवर पुन्हा मोठी उठावाची किंवा खोलगट अक्षरे आली. लगोलग त्यांत बसणाऱ्या तयार अक्षरांची बाजारपेठही उभी राहिली. नव्या गाड्या जुन्यांसारख्या दिसू पाहत असताना जुन्या गाड्यांचे मूळ फाळके मात्र दुर्मीळ होत आहेत.

२०/
यातच आजचा खरा पेच आहे. १९५४ चा शेव्हरोलेचा अरुंद ‘स्टेपसाइड’ फाळका १९८७ पर्यंतच्या त्याच प्रकारच्या हौद्याला चालतो. म्हणून त्याच्या नव्या प्रती नाव असलेल्या आणि कोऱ्या अशा दोन्ही रूपांत मिळतात. ज्याला स्वतःची अक्षरे बसवायची आहेत, त्याला कोरी प्रत घेऊन मूळ फाळका जपून ठेवता येतो. कापलेला मूळ पत्रा पुन्हा मिळत नाही, कारण तो ज्या साच्यांत घडला ते साचे बहुधा केव्हाच भंगारात गेलेले असतात.

२१/
तरीही बदलणाऱ्याला केवळ विध्वंसक म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९२५ पूर्वी फाळक्यावर मालकाचेच नाव असे, कारखान्याचे नाव नंतर आले. आज एखादा शेतकरी आजोबांच्या ट्रकवर घराण्याचे नाव पोलादात कापून बसवतो, तेव्हा तो त्या जुन्या हक्काकडे परतत असतो. त्याच वेळी कुणी दुसरा गंजलेल्या फाळक्यावरील ‘स्टुडबेकर’ची दहा अक्षरे जिवापाड जपतो, कारण मोटारी बनवणारी ती कंपनी आता उरलेली नाही आणि तिचे नाव अशाच पत्र्यांवर शिल्लक आहे. (समाप्त)