बाटलीचा गळा

इंग्रजीत ‘बॉटलनेक’ असा एक शब्द आहे. सरळ अर्थ बाटलीचा गळा. बाटली शेरभराची असो की पाच शेरांची, उपडी केली तरी तेल पडावयाचे ते गळ्याच्या मापानेच. ज्या ठिकाणी रस्ता एकाएकी अरुंद होतो त्या जागेस इंग्रज हा शब्द १८९६ च्या सुमारास लावू लागले आणि पुढे पंचवीस-तीस वर्षांत तो कारखान्यांत व कचेऱ्यांत शिरला. एक कारकून रजेवर गेला आणि साऱ्या तालुक्याचे दाखले अडले, तर तो कारकूनही बॉटलनेकच!

या शब्दाला मराठीत जोड नाही अशी तक्रार पुष्कळदा कानी येते. मला ती पुरती पटत नाही. आपल्याकडे मोरी तुंबते, नाक चोंदते, गाडी खोळंबते, काम अडते, चौकात वाहनांची कोंडी होते. शब्दांची वाण नाही. फरक आहे तो दृष्टीचा. इंग्रजी शब्द अडथळ्याच्या जागेवर बोट ठेवतो. आपले शब्द त्या जागेच्या मागे जे साचले, जे ताटकळले, त्याची हकीकत सांगतात. एकाने गळा पाहिला, दुसऱ्याने तुंबारा. हा फरक कोशात पाहण्यापेक्षा धाराशिव जिल्ह्यात पाहावा, कारण या एका जिल्ह्याच्या इतिहासात गळ्याच्या तीन तऱ्हा सापडतात.

पहिला गळा नळदुर्गचा. बोरी नदीच्या पात्रात, मुख्य किल्ला आणि समोरचे रणमंडळ यांना सांधणारा दगडी बंधारा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास बांधला गेला. नदी अडवली, किल्ल्याला पाणी मिळाले. एवढ्यावर एखादा कारागीर थांबला असता. येथील कारागिराने बंधाऱ्याच्या पोटातच महाल काढला आणि जादा पाण्याला वाट ठेवली ती दोन ठरावीक जागी. पावसाळ्यात बोरी भरली म्हणजे पाणी त्या दोन वाटांनी खाली झेप घेते. लोकांनी त्यांना नर आणि मादी अशी नावे दिली आहेत. पाणी महालाच्या झरोक्याशी उभे राहावे तर डोळ्यांपुढून पाण्याचा पडदा कोसळत असतो आणि आपण आत कोरडे! पसरट पात्रातून संथ गेले असते तेच पाणी अरुंद वाट मिळताच वेग घेते. या गळ्याला दोष कोण देईल? तो नसता तर उन्हाळ्यात किल्ल्यावर प्यायला पाणी नसते.

दुसरा गळा त्याच बोरीवर, पण रस्त्याचा. सोलापूरहून हैदराबादेस जाणारा हमरस्ता नळदुर्गाजवळ ही नदी पुलावरून ओलांडतो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारतीय फौज सोलापूरच्या बाजूने निजामाच्या हद्दीत शिरली तेव्हा सारी मदार या पुलावर होती. पूल उडवला गेला असता तर रणगाडे आणि मालमोटारी अलीकडच्या तीरावर तुंबून राहिल्या असत्या, तेही ऐन पावसाळ्यात. सातव्या ब्रिगेडने झडप घालून तो शाबूत हाती घेतला, नळदुर्गचा प्रतिकार मोडला आणि सकाळी नऊच्या सुमारास चिलखती तुकडी पुढे जळकोटात होती. पाचव्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली. एवढ्या मोठ्या संस्थानाची वाट काही तास एका पुलाएवढी अरुंद झाली होती, हे आज त्या रस्त्याने मोटारीतून भुर्रकन जाताना कोणाच्या ध्यानीही येत नाही.

तिसरा गळा मात्र माणसांनी स्वतः, चांगल्या हेतूने आणि हिशेब करून तयार केला. तो आगगाडीचा. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मोठा लोहमार्ग बार्शीला बगल देऊन कुर्डुवाडीवरून गेला. त्या स्टेशनाचे नावच तेव्हा बार्शी रोड! बार्शीच्या पेठेतला कापूस वीस-बावीस मैल बैलगाड्यांनी तेथे न्यावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने १८९५ साली लंडनमध्ये कंपनी काढली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फूट रुंदीच्या रुळांची गाडी सुरू केली. मोठ्या रुळांचा खर्च या मुलुखाला झेपणार नाही, रूळ लहान पण डबे नीट बांधलेले, हा त्याचा सिद्धान्त. माणूस कल्पक खरा. पुढे विमानातून उडी घेण्याची छत्रीही त्याने बनवली. त्याची गाडी १९०७ मध्ये येडशीचा घाट चढून तडवळ्यास आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते. ते वेगळे झाले १९८२ साली.

गाडी आली, पेठा फुलल्या, हे निर्विवाद. पण लातूरचा गठ्ठा कुर्डुवाडीस आला की थांबे. अडीच फुटी रुळांवरचा डबा साडेपाच फुटी रुळांवर कसा जाणार? माल उतरवायचा, पाठीवर घ्यायचा, दुसऱ्या डब्यात भरायचा. हमाली वेगळी, नासधूस वेगळी, खोळंबा वेगळा. गंमत अशी की १९०४ मध्ये इंग्लंडातील एका छोट्या मार्गावर याच कॅलथ्रॉपने मोठ्या रुळांचे डबेच्या डबे लहान गाडीच्या पाठीवर चढवण्याची सोय केली. कुर्डुवाडीस पाठ हमालाचीच राहिली. आणि हे सांगताना तोल सांभाळला पाहिजे. व्यापाऱ्याला जो खोळंबा, त्यावरच कित्येक हमालांची चूल पेटत होती.

शिवाय रूळ हा एकच गळा नव्हता. बार्शी इंग्रजी मुलुखात, येडशी निजामाच्या. मध्ये करोडगिरीचा नाका, म्हणजे जकात. नाणेही निराळे: इकडे कलदार, तिकडे हाली, शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली हा सरकारी दर, आणि पेठेत त्यावर बट्ट्याची घासाघीस. शेतकऱ्याच्या कापसाला मुंबईत काय भाव आहे याला फारसा अर्थ उरत नसे. प्रत्येक गळ्याशी एक हात पसरलेला, आणि शेवटी त्याच्या पदरात पडे ते उरलेसुरले. इंग्रजी शब्दात हा शेतकरी कोठे दिसत नाही. ‘तुंबणे’ म्हटले की तो दिसू लागतो.

जकात आणि हाली शिक्का संस्थानाबरोबर गेले. रेल्वे कंपनी १९५४ साली सरकारने घेतली, तरी अडीच फूट रूळ पुढे अर्धशतक टिकले. जिल्ह्याचे मुख्य ठाणे तर या मार्गावर नव्हतेच. धाराशिवकरांना गाडी धरायला येडशी गाठावी लागे. २००७-०८ मध्ये मोठे रूळ पडले, मार्ग वळवून धाराशिवातून नेला आणि कुर्डुवाडीची चढउतार कायमची संपली.

त्याचा उपयोग कसा व्हावा हे कॅलथ्रॉपच्या स्वप्नातही आले नसते. २०१६ च्या एप्रिलात लातूरचे नळ कोरडे पडले होते. राजस्थानातील कोटा येथे धुऊन साफ केलेले टाकीचे डबे मिरजेस आणले, त्यांत पाणी भरले आणि पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव या वाटेने ती गाडी लातूरला गेली. पहिल्या खेपेस दहा डबे, सुमारे ५ लाख लिटर. पुढे पन्नास डबे, २५ लाख लिटर. जुने रूळ असते तर कोट्याचे डबे मिरजेपुढे एक पाऊल जाते ना. लातूर स्टेशनाजवळच्या विहिरीत ते पाणी ओतले जाई, तेथून शुद्धीकरणाला, तेथून टँकरमध्ये. आणि गल्लीत टँकर उभा राहिला की त्याच्या मनगटाएवढ्या नळीपाशी घागरींची रांग लागे.