जुहू ते कराची: अंतर तेच, वेळ मात्र बदलली

मोबाइलवर दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि वेळ लगेच समोर येते. मी अंधेरीचा, म्हणून आधी मुंबई टाकलं आणि पुढे कराची. सरळ रेषेत सुमारे 880 किलोमीटर. म्हणजे कराची आपल्याला दिल्लीपेक्षा जवळ! जेट विमानाला दीडेक तास पुरे. पण तिकीट बघायला गेलो तर थेट विमानच नाही. दुबईमार्गे जायचं, म्हणजे जवळजवळ 3,100 किलोमीटर उडायचं, मध्ये विमानतळावर बसायचं ते वेगळंच.

आता जरा मागे जाऊया. 15 ऑक्टोबर 1932. लंडनहून इंपीरियल एअरवेजने कराचीपर्यंत टपाल आलंय. ते पुढे न्यायला 28 वर्षांचे जे.आर.डी. टाटा सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून निघाले. विमान होतं पस मॉथ, एका इंजिनाचं, छोटंसं. सोबत साधारण 25 किलो टपाल. रेडिओ नाही. खाली बघायचं, नकाशा बघायचा आणि उडायचं. अहमदाबादला थांबून इंधन भरलं. तेही कसं? बैलगाडीतून आणलेल्या डब्यांमधून! आणि दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरलं. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट तेच टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. एअर इंडियाची सुरुवात ती हीच.

हो, आपलंच जुहू. 1928 मध्ये सुरू झालेला तो विमानतळ पावसाळ्यात चिखलाने भरायचा, मग विमानं पुण्याहून उडवावी लागायची. आज तिथे हेलिकॉप्टरांची ये-जा असते.

या गोष्टीतला एक मुद्दा सहसा सांगितला जात नाही. 1932 मध्ये कराची मुंबई इलाख्यातच होतं. सिंध वेगळा प्रांत झाला तो 1936 मध्ये. म्हणजे जेआरडींचं ते उड्डाण एकाच इलाख्यातल्या दोन शहरांमधलं होतं. कराचीतल्या एका जुन्या सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव आहे. इतकं येणंजाणं होतं.

मग 1947 आलं. सिंधी कुटुंबं घरदार सोडून इकडे आली. मुलुंड, चेंबूर, उल्हासनगर इथल्या छावण्यांमध्ये राहिली. तुमच्या शाळेत, सोसायटीत त्यांची नातवंडं असतीलच. त्यांच्या आजोबांचं गाव नकाशावर जवळ राहिलं, पण जाणं अवघड झालं.

तरी वाट लगेच बंद झाली नव्हती बरं का. 15 ऑक्टोबर 1982 ला, पन्नास वर्षं झाली म्हणून, जेआरडी 78 व्या वर्षी पुन्हा कराचीहून जुहूला आले. या वेळी विमान होतं लेपर्ड मॉथ. दोन देशांत युद्धं होऊन गेली होती, तरी ते उड्डाण झालं. मोठ्या कंपन्यांची थेट विमानंही पुढे बरीच वर्षं चालू होती.

आज विमानं कितीतरी वेगवान आहेत. तरी 1932 मध्ये बैलगाडीच्या इंधनावर सव्वासात तासांत झालेला प्रवास आता तितक्या वेळात होईल याची खात्री नाही. किलोमीटर पृथ्वीने ठरवलेत, पण किती तास लागतील हे दोन्हीकडची सरकारं ठरवतात. तुमच्या घरात कुणी कराचीच्या आठवणी सांगत असेल, तर ते ऐकून ठेवा, जमल्यास रेकॉर्ड करा. भेटू पुढच्या भागात!