एकच निरोप, दोन छावण्या

ज्युलिअस सीझरच्या गॉलमधील मोहिमांचा वृत्तान्त मुख्यतः त्याच्याच लेखणीतून आपल्यापर्यंत आला आहे. साहजिकच वाचताना लक्ष सीझरवर राहते. पण सेनानीचा निर्णय कसा जोखावा, हे समजून घ्यायचे तर त्याच्या हाताखालील दोन सरदारांची हकीकत आम्हांला अधिक बोलकी वाटते.

इ.स.पू. ५४ साली गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्स-बेल्जियमच्या मुलखात, अवर्षणामुळे धान्य कमी पिकले. सगळे सैन्य एका जागी पोसणे कठीण, म्हणून सीझरने हिवाळ्यासाठी पलटणी दूरदूर विखरून ठेवल्या. एबुरोनीज जमातीच्या प्रदेशातील छावणीवर सॅबिनस आणि कॉटा हे दोन सरदार होते. जेमतेम पंधरा दिवसांत तेथे उठाव झाला. हल्ला फसल्यावर जमातीचा राजा अँबिओरिक्स याने निरोप धाडला : सारा गॉल उठला आहे, ऱ्हाइनपलीकडून जर्मन येत आहेत, तुम्ही निघून जवळच्या छावणीत जा, वाटेत आम्ही हात लावणार नाही.

मध्यरात्रीपर्यंत वाद चालला. कॉटाचे म्हणणे साधे होते : तटबंदी आहे, धान्य आहे, सीझरचा हुकूम नाही, मग शत्रूच्या सल्ल्याने जागा का सोडायची? सॅबिनसला मात्र उशीर झाला तर सारेच बुडेल असे वाटले. शिपायांना ऐकू जाईल इतका त्याने आवाज चढवला. अखेर कॉटा नमला. पहाटे सामानसुमानासह लांबलचक रांग निघाली आणि सुमारे दोन मैलांवरच्या खोऱ्यात सापडली. सॅबिनस पुन्हा बोलणी करायला गेला आणि तेथेच मारला गेला. कॉटा लढताना पडला. मोजकेच शिपाई रानावनातून निसटले.

नंतर तोच निरोप नर्व्ही जमातीच्या प्रदेशातील क्विंटस सिसेरोच्या छावणीत पोचला. प्रसिद्ध वक्ता सिसेरो याचा हा भाऊ. प्रकृती नाजूक, तरी रात्रीही विसावा न घेणारा. सशस्त्र शत्रूकडून अटी स्वीकारण्याची रोमनांची रीत नाही, असे त्याने उत्तर दिले. वेढा पडला, गवताने शाकारलेल्या झोपड्या पेटल्या. अखेर एका गुलामाने भाल्यात लपवून नेलेले पत्र सीझरला मिळाले आणि तो सुमारे ७,००० माणसे घेऊन धावून आला. तोवर दहांत एकही शिपाई बिनजखमी उरला नव्हता. पण छावणी टिकली होती.

मग सॅबिनस मूर्ख आणि सिसेरो शहाणा, असे म्हणून मोकळे व्हावे काय? दोनच वर्षांपूर्वी, इ.स.पू. ५६ मध्ये, याच सॅबिनसने भित्रेपणाचे सोंग घेतले होते, खोटा फितुर शत्रूच्या गोटात पाठवून त्याला आपल्या तटाकडे ओढले होते आणि मोठा विजय मिळवला होता. ज्या युक्तीने तो जिंकला, तशाच युक्तीला तो बळी पडला. उलट इ.स.पू. ५३ मध्ये, सॅबिनसच्याच त्या जुन्या छावणीत असताना, माणसे बाहेर सोडू नयेत असा सीझरचा हुकूम असूनही सिसेरोने पाच तुकड्या धान्य आणायला पाठवल्या. अचानक आलेल्या जर्मन स्वारांनी त्यांतील बरीच माणसे कापली.

आणि सीझर? छावण्या विखुरण्याचा निर्णय त्याचा होता. सैनिकांसमोर मात्र त्याने या नाशाचा दोष सरदाराच्या अविचारावर ठेवला. सॅबिनसची बाजू सांगायला कोणी उरले नव्हते, आणि इतिहास लिहिणारा सीझरच होता.

म्हणून आम्हांला वाटते, निर्णय माणसाच्या नावावरून किंवा नुसत्या परिणामावरून जोखू नये. त्या घडीला हाती काय होते, बातमी कोणाकडून आली आणि ती मानण्यात कोणाचा फायदा होता, हे विचारावे. कॉटाने त्या रात्री हेच विचारले होते. त्याचे चुकले ते एवढेच की, शेवटी तो गप्प बसला.