गांजा, अतिनील किरणे आणि एका गृहीतकाचा प्रवास

औषधी गांजाच्या बंदिस्त लागवडीत अतिनील-ब दिवे लावावेत, या विचाराचा माग डेव्हिड पेट यांच्या १९८३ मधील लेखापर्यंत जातो. टीएचसी हे द्रव्य अतिनील किरण शोषते; तेव्हा प्रखर उन्हाच्या प्रदेशांत वनस्पतीने ते कवच म्हणून साठविले असावे, असे त्यांचे अनुमान होते.

१९८७ मध्ये लायडन, तेरामुरा व कॉफमन या अमेरिकी संशोधकांनी हरितगृहात त्याची कसोटी घेतली. मादक वाणाच्या फुलोऱ्यात टीएचसी २.५ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर गेले. धाग्याच्या वाणात मात्र सीबीडी वाढले नाही. दिव्यांच्या समर्थनार्थ पहिलाच निष्कर्ष उद्धृत होत राहिला. वस्तुतः रुग्णांच्या दृष्टीने दुसराही तितकाच मोलाचा होता, कारण २०१८ मध्ये अपस्माराच्या दोन दुर्धर प्रकारांसाठी अमेरिकेत मान्यता मिळालेले औषध सीबीडीचेच होते.

कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात दोन आधुनिक वाणांवर लघुलहरी अतिनील-ब प्रकाश सोडण्यात आला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ना उत्पन्न वाढले, ना कॅनाबिनॉइडांचे प्रमाण; उलट पानांना इजा झाली. अर्थात वाण व प्रकाशस्रोत भिन्न असल्याने १९८७ चा निष्कर्ष त्यामुळे सर्वस्वी खोटा ठरत नाही.