कुरवंड्याची उतरण

ज्या रणभूमीवर आपण कधी पाऊल ठेविले नाही तिचे वर्णन वर्गात रंगवून सांगण्याचा अधिकार इतिहासाच्या अध्यापकास असावा काय, हा प्रश्न आम्ही स्वतःस फार उशिरा विचारला. उंबरखिंडीची लढाई आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर खडूच्या दोन रेघा ओढून शिकवीत आलो. एक रेघ खिंडीची, दुसरी मोगल फौजेची; दोन्ही एकमेकींस भेटल्या की लढाई संपत असे. गेल्या माघात दहाबारा विद्यार्थी बरोबर घेऊन आम्ही कुरवंड्यास गेलो आणि तेथील एका वयोवृद्ध शेतकऱ्यास वाटाड्या करून घाट उतरलो, तेव्हा या दोन रेघांत किती अज्ञान सामावलेले होते हे आमच्या ध्यानात आले.

प्रसंग वाचकांस ठाऊकच आहे, थोडक्यात सांगतो. १६६० साली शाएस्ताखान पुण्यास येऊन बसला आणि त्या पावसाळ्यात चाकणचा किल्ला त्याने घेतला. पुढे कोकणातील शिवाजी महाराजांचा मुलूख मारण्यासाठी त्याने कारतलबखान या उझबेक सरदारास रवाना केले. खानाबरोबर माहूरच्या उदाराम घराण्यातील रायबाघन ही पराक्रमी स्त्री होती; मित्रसेन, अमरसिंह चौहान, सर्जेराव गाढे, जसवंतराव कोकाटे असे मातब्बर लोक होते. लोहगडाच्या बाजूने ही फौज घाटमाथ्यास आली, कुरवंड्याचा घाट उतरली, आणि २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत महाराजांच्या सैन्याने तिला पुढून-मागून कोंडले. या लढाईचे सविस्तर वर्णन कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात आहे. हे काव्य तंजावरास सापडले व १९२७ साली सदाशिव महादेव दिवेकर यांनी ते संपादून छापविले. त्यापूर्वीच्या पिढीस ही लढाई एवढ्या तपशिलाने कळण्याचे साधनच नव्हते.

कुरवंडे गावात सकाळी पोहोचलो. शेजारीच भारतीय नौदलाची 'शिवाजी' ही शिक्षणसंस्था आहे. १९४५ साली, इंग्रजी अमदानीतच, तिला हे नाव मिळाले. आरमारी विद्या शिकविणारी संस्था समुद्रापासून इतक्या उंचावर असावी आणि ती नेमकी या घाटाच्या तोंडाशी असावी, याची आमच्या मुलांस मोठी मौज वाटली. गावापुढे नागफणीचा कडा फणा उभारून उभा आहे. इंग्रजांनी त्यास वेलिंग्टनच्या ड्यूकचे नाक म्हटले, आणि आजही येथे येणारे पुष्कळ सुशिक्षित लोक त्याच नावाने त्याचा पत्ता विचारतात. आमचा वाटाड्या म्हणाला, "कुणाचं नाक ते आम्हांला ठाव न्हाई, सर. वर म्हादेव हाय, म्हून नागफणी." यापरती चोख व्युत्पत्ती आम्हांस सुचली नसती.

गाव मागे टाकले आणि वाट दरीत उतरू लागली. मनुष्याने एकामागे एक असेच चालावे, अशी ती वाट. थोडे खाली गेल्यावर वाटाड्या थांबला व म्हणाला, "हितं भरला बैल माघारी फिरवून दावा बरं कुणी." एका बाजूस डोंगराची धार, दुसरीकडे खोल उतार, पायाखाली सुटे दगड. मुलांनी एकमेकांकडे पाहिले. "न्हाई फिरत. आमचा आजा सांगायचा, उतरायचं ठरलं म्हंजी खालवर उतरायचंच. मधी कुणी फिरतो म्हणाला, की त्याच्या मागचे समदे अडकले."

आम्ही तेथेच एका दगडावर बसलो. गुडघ्यांची विनंती होतीच, पण खरे कारण निराळे होते. खान खिंडीत शिरला ही त्याची चूक, असे आम्ही आजवर सांगत आलो होतो. वस्तुतः खान खिंडीत शिरण्यापूर्वीच, कुरवंड्याच्या माथ्यावरून पहिला घोडा खाली उतरला त्याच क्षणी, कोंडला गेला होता. फौजेचे निरनिराळे आकडे सांगितले जातात. ते बाजूस ठेवू. नुसते एक हजार घोडे एका ओळीत उतरावयाचे व प्रत्येकास तीन मीटर जागा द्यावयाची म्हटले, तरी तीन किलोमीटर लांबीची रांग होते. तोंडाशी काय घडले हे शेपटास कळणार कसे, आणि कळल्यावर त्याने करावे काय? उंबरखिंड हे पिशवीचे बूड होते. पिशवीचे तोंड वर कुरवंड्यास होते. शत्रूस घाट उतरू द्यावा, माथ्यावर अडवू नये, या निर्णयात सारी लढाई होती. तो निर्णय नकाशावर दिसत नाही.

पुढे वाटाड्याने आणखी एक प्रश्न टाकला. "घोडं दिसाला पानी किती पितं, सर?" आम्ही अंदाजाने पंचवीस-तीस लिटर सांगितले. "मग माघात त्ये हितं कुठनं आणायचं?" पावसाळ्यात जेथे जागोजाग धबधबे कोसळतात, त्या डोंगरात माघात ओढ्यांचे नुसते गोटे उघडे पडलेले असतात. परमानंदांनी या रानास तुंगारण्य म्हटले आहे. त्या दाट रानात वाऱ्याची झुळूक नाही, पाणी नाही, आणि फौज तहानेने व्याकुळ झाली, असे त्यांच्या वर्णनाचे तात्पर्य आहे. हे श्लोक आम्ही कवीचा अलंकार म्हणून सोडून देत असू. दरीच्या पोटात वारा खरोखर लागेना, मुलांच्या बाटल्या दुपारपूर्वीच रिकाम्या झाल्या, आणि त्या श्लोकांचा अर्थ आमच्या घशाने लावला.

वाटाड्याबरोबर पायी इतिहास पाहण्याचा आमचा पूर्वानुभव एकच, तोही दूर देशचा. काही वर्षांपूर्वी हॉलंडातील लायडन या कालव्यांच्या शहरात एका बाईंनी आम्हां पाहुण्यांस दोन तास फिरविले होते. (याच डच लोकांची वखार आपल्या वेंगुर्ल्यास होती, आणि शिवचरित्रासाठी कोल्हापूरच्या डॉ. बाळकृष्णांनी डच कागदांचा उपयोग केला, हे जिज्ञासूंस आठवेल.) १५७४ साली स्पॅनिश सैन्याने लायडनला वेढा घातला होता. तेव्हा डचांनी समुद्राचे बांध फोडून आपल्याच शेतांवर पाणी सोडले आणि त्या पाण्यावरून सपाट बुडाच्या होड्यांतून मदत आणिली. ३ ऑक्टोबरला शहर सुटले. कालव्यावरील एका पुलावर उभे राहून त्या बाईंनी पाण्याची पातळी हाताने दाखविली, तेव्हा तो वेढा आम्हांस कळला. तेथे पाणी सोडून शत्रू हटविला. येथे पाण्याच्या अभावाने तो पिडला. पण आम्हांस अधिक आठवण राहिली ती निराळ्याच गोष्टीची. उपाशी नागरिकांस नगराध्यक्षाने आपला हात कापून खाण्यास देऊ केला, अशी एक कथा तेथे फार लोकप्रिय आहे. बाईंनी ती रसभरित सांगितली आणि लगेच म्हणाल्या, ही दंतकथा असावी असे आता विद्वान मानतात. तरीही आम्ही ती सांगतो.

हे आठवण्याचे कारण खाली घडले. चावणी गावाजवळ, अंबा नदीच्या पात्रालगत, लढाईचे स्मारक आहे. तेथे पोहोचण्यापूर्वी वाटाड्याने उंचावरील एक खडक दाखवून सांगितले, "महाराज त्या धोंड्यावर घोड्यावर बसून व्हते." एका चुणचुणीत विद्यार्थ्याने तत्काळ पुरावा विचारला. म्हातारबाबा जरा खजील झाले. "आजा सांगायचा," एवढेच म्हणाले.

आम्ही त्या मुलास गप्प केले नाही. प्रश्न बरोबरच होता. परंतु बैलाची गोष्टदेखील आज्याचीच होती आणि ती पायाखाली खरी ठरली होती. खडकाची गोष्ट तशी तपासता येत नाही. तेव्हा ती टिपून घ्यावी, 'कुरवंड्याकडील सांगणे' अशा शिक्क्यानिशी, आणि परमानंदांच्या शब्दांत ती मिसळू नये, असे आम्ही मुलांस सांगितले. आपल्याकडे बहुधा दोहोंपैकी एक होते: खडकास एकदम शेंदूर फासला जातो, नाहीतर आज्यालाच खोटा ठरविले जाते. लायडनच्या बाईंचा मार्ग आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो.

स्मारकापाशी विद्यार्थ्यांस शेवट सांगितला. रायबाघनने खानास वस्तुस्थिती परखडपणे ऐकविली व शरण जाण्याचा सल्ला दिला. खानाने सामान व खंडणी देऊन जीव वाचविला, आणि महाराजांनी त्यास जाऊ दिले. निःशस्त्र झालेल्या शत्रूस वाट मोकळी करून दिली, या गोष्टीवर आमची मुले बराच वेळ बोलत होती. एकीस रायबाघनचे काम सर्वांत कठीण वाटले. चुकलेल्या वरिष्ठास चूक सांगणे. आम्हांस ते मान्य आहे.

कुरवंड्याचा घाट निजला कसा, हे वाटाड्यास एका वाक्यात ठाऊक होते: "गाडी आली, बैल गेला." १८३० साली माल्कम साहेबाने बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला, १८६३ साली त्याच डोंगरातून आगगाडी चढली, २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. कुरवंड्यावरून कोकणात उतरणाऱ्या बैलांस मग कारण उरले नाही. म्हातारबाबांचे दोन्ही मुलगे लोणावळ्यात नोकरीस आहेत. त्यांपैकी कोणी ही वाट शेवटपर्यंत उतरलेला नाही. पावसाळ्यानंतर ती वाट मोकळी करण्याचे काम आता बाबाच करतात, तेही जमेल तितके. 'शिवभारत' ग्रंथालयात सुखरूप राहील. त्यातील एका श्लोकाचा अर्थ मात्र या कोयत्याच्या टोकावर टिकून आहे, आणि कोयता धरणारा हात सत्तरीच्या पुढचा आहे.

चार वाजता आम्ही खोपोलीची गाडी धरण्यास निघालो. बाबांस बरोबर चलण्याचा आग्रह केला, लोणावळ्यापर्यंत पोहोचवितो म्हटले. ते म्हणाले, "अंधाराच्या आत वर जातो की. वाट चालती राहिली पायजे." आमच्यातील दोन विद्यार्थी, आम्हांस न विचारता, त्यांच्याबरोबर परत चढू लागले. खोपोलीच्या गाडीत आम्ही आमची जुनी टिपणवही काढली आणि उंबरखिंडीचे पान खोडून वर नवा मथळा लिहिला: 'कुरवंडे'.